तुम्ही विचारलंत म्हणून: चार गावांतले चौघे आणि एक सिंगल

‘चौघे चार गावांत, आणि करायचंय इलेक्ट्रॉनिक रॉकचं पहिलंवहिलं सिंगल, तेही लॉकडाऊनच्या एकटेपणावर. घरबसल्या जमेल का? कसं?’ २०२० च्या उन्हाळ्यात सुरू झालेला हा प्रश्न लॉकडाऊन उठला तरी थांबलेला नाही. नोकरीपायी बँड आजही पुणे, बंगळूर, दुबई असे विखुरलेले असतात.

जमतं. पण आधी ठरवा की एकटेपणा ऐकू कशातून येणार. बहुतेक जण सगळ्यावर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ओततात आणि तिथेच गाणं हातचं जातं. रिव्हर्ब म्हणजे मोठी जागा: देऊळ, सभागृह, रिकामं स्टेशन. आपण कोंडले गेलो होतो दहा बाय बाराच्या खोलीत. म्हणून कडव्यातला आवाज अगदी कोरडा ठेवा, श्वास ऐकू येईल इतका जवळचा. मागच्या सिंथला (सिंथेसायझरला) साधारण ८०० हर्ट्झवर लो-पास फिल्टर लावा, म्हणजे त्यावरचे आवाज कापले जातात. भिंत वरच्या पट्टीतले आवाज अडवते आणि खालचे सोडते, त्यामुळे तो सिंथ शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटतो. पहिल्या ध्रुवपदात फक्त ड्रम मशीन आणि सिंथ बेस असू द्या, डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाटक्या आवाजाची, गिटार दुसऱ्या ध्रुवपदापर्यंत राखून ठेवा. रिव्हर्ब लावायचाच असेल तर शेवटी, एखाद्या शब्दावर. आणि कृपा करून २२ मार्चच्या थाळ्या आणि ॲम्ब्युलन्सचा सायरन घालू नका. ते सगळ्यांनी घालून झालंय.

आता रेकॉर्डिंग. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचा नाद सोडा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सोळाव्या भागाची मात्रा, म्हणजे पाव ठोका, १२५ मिलिसेकंदांची असते. कॉलवर आवाज पोचायला तेवढा उशीर सहज होतो, म्हणजे समोरच्याचा ठोका तुमच्याकडे अख्खी मात्रा मागे पडून येतो. ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की दोघेही एकमेकांची वाट बघत लय ओढू लागतात.

त्यापेक्षा एकाने क्लिक (लय धरून देणारी टिकटिक) आणि कच्च्या सिंथची गाईड फाईल करावी, सुरुवातीला दोन आवर्तनं मोजणी ठेवून. ती डब्ल्यूएव्हीच (न दाबलेली फाईल) पाठवा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपीथ्री करताना फाईलच्या सुरुवातीला थोडी शांतता चिकटते आणि सगळं मागे सरकतं. परत पाठवताना प्रत्येकाने आपली फाईल शून्यापासूनच काढावी, गिटार तिसऱ्या मिनिटाला येत असली तरी. नावात लय, स्वर, वाद्य आणि टेकचा (कितव्यांदा वाजवलं त्याचा) क्रमांक हवा. ‘फायनल_नवीन_२’ अशी फाईल आली की खुशाल परत पाठवा.

एखादा लॅपटॉपवर गाईड ऐकतो आणि गातो मात्र फोनवर. दोन यंत्रांची घड्याळं कधीच हुबेहूब चालत नाहीत. दर दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी चार मिनिटांच्या शेवटी १२ मिलिसेकंद घसरतात. फोनला पर्यायच नसेल तर गाईडच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक ठळक क्लिक ठेवा, गाणाऱ्याने त्यांवर टाळी द्यावी, म्हणजे ताणून जुळवता येतं. ब्लूटूथ हेडफोन तर अजिबात नको. वायरचा घ्या, तोही कानावर बंद बसणारा, नाहीतर क्लिक माइकमध्ये शिरतो.

गाताना खोलीचा घुमारा दाबायला गोधडी टांगतात ती बहुतेकदा चुकीच्या बाजूला, माइकच्या मागे. कार्डिऑइड, म्हणजे समोरून ऐकणाऱ्या, माइकला मागचं सर्वांत कमी ऐकू येतं. त्याला ऐकू येते ती गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत, म्हणून जाड रजई तिथे हवी. कपाटात शिरून गाऊ नका, २०० ते ४०० हर्ट्झमध्ये आवाज डब्यातल्यासारखा होतो. उघड्या, कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे पाठ करून उभं राहणं बरं. माइक तोंडापासून वीतभर, पंखा बंद, पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. २४ बिटमध्ये मीटर लाल करायची काहीच गरज नसते. आणि शेजारच्यांच्या कुकरच्या वेळा पाहून घ्या.

गिटारची मुख्य डोकेदुखी म्हणजे हम, विजेची घुंईघुंई. आपली वीज ५० हर्ट्झची. हम ५० वर आणि त्याच्या पटीत, १००, १५० वर येतो. खालचा जी ४९ हर्ट्झचा, त्यामुळे गाणं जी मध्ये असेल तर हम बेसमध्ये लपून बसतो आणि बेस थांबला की उघडा पडतो. डिस्टॉर्शन बारीक आवाज वर उचलतं, म्हणून क्लीनमध्ये (डिस्टॉर्शनशिवाय) जेमतेम ऐकू येणारा हम तिथे गुरगुरायला लागतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. अर्थिंग तपासा. सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारी, एकाच वेटोळ्याची पट्टी) असेल तर स्क्रीनपासून लांब बसा आणि वाजवण्याआधी खुर्चीत हळूहळू फिरून हम कमीत कमी येतो ती दिशा शोधा. गिटार इंटरफेसच्या (वाद्य लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीच्या) ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुटमधून क्लीनच घ्या, अँप सिम्युलेटर (ॲम्प्लिफायरचा आवाज देणारं सॉफ्टवेअर) नंतर लावता येतो; नॉइज गेट, म्हणजे वाजवणं थांबलं की हम बंद करणारं दार, त्याच्या आधी. डावी-उजवी गिटार दोनदा वाजवावी लागते. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज रुंद होत नाही, नुसता मोठा होतो.

मिक्समध्ये भांडण लागतं ते किक (पायाचा ड्रम), सिंथ बेस आणि गिटार यांचं. गिटारला ९०-१०० हर्ट्झखाली कापा, बेसचा तळ मोनो (डावी-उजवीकडे एकसारखा) ठेवा आणि किकच्या साइडचेनने, म्हणजे किक वाजली की आपोआप, बेस दोन-तीन डेसिबल दाबा. डिलेचा (ठरावीक वेळाने येणाऱ्या प्रतिध्वनीचा) हिशोब सोपा: ६०,००० भागिले लय. १२० ला ५०० मिलिसेकंद, त्याचं पाऊण म्हणजे ३७५. रॉक गिटारवर तेच खुलतं. शेवटी लाउडनेससाठी जिवाचा आटापिटा करू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणं उणे १४ एलयूएफएसपाशी (एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं, म्हणजे पिळून मोठं केलेलं गाणं तिथे आपोआप खाली येतं, पिळलेलंपण तेवढं उरतं. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे १ डेसिबल ठेवा.

प्रकाशनाचं काम कंटाळवाणं आहे. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. आयएसआरसी हा रेकॉर्डिंगची ओळख असलेला बारा अक्षरी क्रमांक डिस्ट्रिब्युटर (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) देतो. रेडिओसाठी छोटी आवृत्ती केली तर तिला वेगळा घ्यायचा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, पण डिस्ट्रिब्युटरकडे तीन-चार आठवडे आधी द्या, कारण एखादं स्पेलिंग चुकतंच.

आणि शब्द कोणाचे, चाल कोणाची, टक्के किती, हे गाणं बाहेर पडायच्या आधी कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कुठल्याही करारात लिहून घेता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. ती रॉयल्टी वसूल करायला आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं) सभासदत्व लागतं आणि तिथे प्रत्येक गाण्याची नोंद करताना हेच टक्के भरावे लागतात.