शिशाच्या क्रोमेटांचा खण: फिनिकोक्रॉइटची ओळख आणि वर्गवारी

शिशाच्या क्रोमेट खनिजांसाठी, म्हणजे शिसे, क्रोमियम व ऑक्सिजन असलेल्या खनिजांसाठी, माझ्या संग्रहात राखून ठेवलेला खण या हिवाळ्यात बराच पुढे गेला आहे, म्हणून त्याची सविस्तर नोंद करत आहे. बडोद्यातील आपल्या खनिज-संग्राहकांपैकी बहुतेकांचे संग्रह खंबायतच्या कारागिरांकडून आलेल्या रतनपूरच्या अकीकांवर आणि जळगाव-नाशिककडील झिओलाइटांवर उभे राहिले आहेत. ही सर्व खनिजे हलकी, सिलिकायुक्त आणि हाताळायला निर्धोक असल्यामुळे शिशाच्या क्रोमेटांकडे वळताना मोजमापाच्या आणि जपणुकीच्या सवयी नव्याने लावून घ्याव्या लागतात. खणात आता टास्मानियातील डंडासचा क्रोकोइटचा लहान गुच्छ व एक सुटा स्फटिक, उरल पर्वतातील बेरेझोव्स्कचा क्वार्ट्झमध्ये रुतलेला क्रोकोइट, हिरवट तपकिरी वॉकेलिनाइटचा (क्रोमेटासोबत फॉस्फेट गट असलेल्या खनिजाचा) एक तुकडा, आणि अलीकडेच एका ज्येष्ठ संग्राहकांनी आपल्या संग्रहातून दिलेला, ॲरिझोनातील विकेनबर्ग परिसराचा, फिनिकोक्रॉइट अशी चिठ्ठी असलेला नमुना आहे. पुढील नोंद मुख्यतः या शेवटच्या नमुन्याविषयी आहे.

क्रोकोइट, म्हणजे साधे शिशाचे क्रोमेट, हा तुलनेचा आधार असल्याने आधी त्याचे काम पूर्ण केले. सुटा स्फटिक सराफी इलेक्ट्रॉनिक काट्यावर हवेत ३.४२ ग्रॅम भरला आणि पाण्यात बुडवल्यावर त्याच्या वजनात ०.५८ ग्रॅमची घट आली; म्हणजे विशिष्ट गुरुत्व ५.९. काट्याची अचूकता शतांश ग्रॅमची असल्याने या आकड्यात दोन्ही बाजूंना ०.१ इतका फरक गृहीत धरावा लागतो, शिवाय तळाशी चिकटलेला गोथाइट (लोहाचे एक खनिज) हलका असल्यामुळे आकडा किंचित खालीच येणार. क्रोकोइटचे मान्य मूल्य ६.० च्या आसपास आहे, तेव्हा हे मापन समाधानकारक मानतो. मोह्स मापावर कठीणता २.५ ते ३, स्फटिक एकनत (अक्षांमधील एकच कोन काटकोन नसलेले), चमक हिऱ्यासारखी ते काचेसारखी, रंग शेंदरी-केशरी आणि कस, म्हणजे भुकटीचा रंग, नारिंगी पिवळा, हे बाकीचे गुणधर्म त्यात स्पष्ट दिसतात. डंडासच्या लांब, चितीच्या (प्रिझमच्या) आकाराच्या स्फटिकांची झळाळी अतिशय मोठ्या अपवर्तनांकातून, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेतून, येते. तो दिशेनुसार साधारण २.३ पासून २.६६ पर्यंत बदलतो, तर हिऱ्याचा २.४२ असतो. टास्मानियाने २००० साली या खनिजाला आपले राज्य-खनिज केले, याचे असा गुच्छ हातात घेतल्यावर नवल वाटत नाही.

विकेनबर्गच्या नमुन्यावर मात्र हा मार्ग चालत नाही. गॅलेना या शिशाच्या धातुकाच्या झिजलेल्या कडेला गडद किरमिजी रंगाचा पातळ थर आहे आणि एका पोकळीत चपट्या, जेमतेम मिलिमीटरभर पत्र्या आहेत. त्या सोडवून काट्यावर ठेवल्या तरी काटा काही सांगणार नाही. खनिज तरंगते की बुडते यावरून घनता ठरवण्याच्या जड द्रवांचाही उपयोग नाही, कारण मिथिलीन आयोडाइडची घनता ३.३ आणि क्लेरिसी द्रावाची ४.२ च्या आसपास असते; क्रोकोइट आणि फिनिकोक्रॉइट दोन्ही त्यांत सरळ तळ गाठतात. राहतात ती स्फटिकाची ठेवण, पाटन (ठरावीक पातळीत सपाट फुटण्याचा गुण) आणि कस. फिनिकोक्रॉइटला एका दिशेने परिपूर्ण पाटन असते, उलट क्रोकोइटचे पाटन स्पष्ट असले तरी इतके सफाईदार नसते. सूक्ष्मदर्शकाखाली पत्र्यांच्या तुटलेल्या कडा एकाच पातळीत सपाट चमकतात, ही अनुकूल खूण आहे. कसासाठी चिनी मातीची पाटी न वापरता एक कण पाण्याच्या थेंबात दोन काचपट्ट्यांमध्ये दाबला, म्हणजे विषारी धूळ उडत नाही. भुकटीचा रंग क्रोकोइटच्या भुकटीपेक्षा निश्चितपणे विटकरीकडे झुकलेला आहे. निव्वळ रंगावरून निर्णय देणे मला मान्य नाही, कारण जाड क्रोकोइटही सावलीत गडद तांबडा दिसतो.

या दोन खनिजांमधील खरा भेद रचनेत आहे, आणि वर्गवारीही त्याच्यावरच उभी आहे. क्रोकोइटमध्ये शिशाच्या एका अणूमागे क्रोमियमचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात, व ते चारही ऑक्सिजन क्रोमियमभोवती चतुष्फलकात (चार कोपऱ्यांच्या मांडणीत) बांधलेले असतात. फिनिकोक्रॉइटमध्ये शिशाचे अणू दोन होतात आणि एक पाचवा ऑक्सिजन येतो, ज्याचा क्रोमियमशी काहीही संबंध नसतो. हा ऑक्सिजन शिशाच्या चार अणूंच्या मध्ये बसतो आणि असे चतुष्फलक कडेला कड लावून साखळ्या तयार करतात; क्रोमेटचे गट या साखळ्यांच्या मधल्या जागेत राहतात. म्हणून क्रोकोइटची स्फटिकरचना मोनाझाइट या फॉस्फेट खनिजाच्या घराण्यातली ठरते, तर फिनिकोक्रॉइटचा जवळचा आप्त लॅनार्काइट हे शिशाचे सल्फेट आहे, ज्यात हीच मांडणी क्रोमियमच्या जागी गंधक घेऊन आढळते. एकाच खाणीत, एकाच दगडावर शेजारी वाढणारी दोन तांबडी खनिजे रचनेच्या दृष्टीने इतकी दूरची असावीत, हे मला या संपूर्ण विषयातले सर्वांत मोलाचे सत्य वाटते.

हे समजायला बराच काळ लागला. क्रोकोइटचे वर्णन लेमान यांनी १७६६ मध्ये बेरेझोव्स्कच्या नमुन्यांवरून केले आणि १७९७ मध्ये व्होकलँ यांना त्यातूनच क्रोमियम या नव्या मूलद्रव्याचा शोध लागला. त्याच खाणींतील दुसऱ्या तांबड्या खनिजाचे वर्णन हेर्मान यांनी १८३३ मध्ये मेलॅनोक्रॉइट या नावाने केले. ग्लॉकर यांनी १८३९ मध्ये दिलेले फिनिकोक्रॉइट हे नाव पुढे टिकले. हेर्मान यांच्या विश्लेषणावरून शिशाच्या ऑक्साइडचे तीन भाग आणि क्रोमियम ट्रायऑक्साइडचे दोन, असे सूत्र धरले जाई, म्हणजे शिशाचे ऑक्साइड सुमारे ७७ टक्के. आजच्या सूत्राप्रमाणे ते ८१.७ टक्के येते. क्रोकोइटमध्ये ते ६९.१ टक्के असते. जुन्या वर्णनांत विशिष्ट गुरुत्व ५.७५ दिलेले आढळते. क्रोकोइटपेक्षा अधिक शिसे असलेले खनिज त्याच्याहून हलके असावे, ही गोष्ट स्वाभाविक वाटत नाही. विल्यम्स, मॅक्लीन आणि अँथनी यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने रचना आणि सूत्र यांची सांगड नीट बसली. एकक कोषाच्या (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याच्या) बाजू १४.००, ५.६८ आणि ७.१४ अँगस्ट्रॉम, कोन ११५.२ अंश आणि कोषात सूत्राची चार एकके घेऊन मी स्वतः गणित मांडले, तेव्हा घनता ७.०७ आली, त्याच रीतीने क्रोकोइटची ६.१ येते. आपल्यापैकी ज्यांना आकडेमोडीची आवड आहे त्यांनी हे गणित जरूर करून पाहावे.

चिठ्ठ्या आता निकेल-स्ट्रुंझ या खनिजांच्या रासायनिक वर्गवारीच्या पद्धतीने लिहिल्या आहेत. सातव्या वर्गात सल्फेटांबरोबर क्रोमेट, मोलिब्डेट आणि टंगस्टेट येतात. त्यांत क्रोमेटांचा विभाग एफ. क्रोमेट गटाखेरीज अतिरिक्त ऋणायन (ऋण भाराचा अणू वा गट) नसलेली क्रोमेटे एफएमध्ये, म्हणून क्रोकोइट ७.एफए.२०. अतिरिक्त ऑक्सिजन असलेली एफबीमध्ये, म्हणून फिनिकोक्रॉइट ७.एफबी.०५, चिलीतील सांतानाइट त्याच गटात पुढे येते. फॉस्फेट, आर्सेनेट किंवा सिलिकेट गट सोबत असल्यास एफसी, जिथे वॉकेलिनाइट, फोर्नासाइट, हेमिहेड्राइट आणि इराणाइट बसतात. वुल्फेनाइट दिसायला जवळचे असले तरी ते मोलिब्डेट आहे, तेव्हा ते मी या खणातून काढून शेजारच्या खणात हलवले.

ही खनिजे दुर्मीळ का, याचे उत्तर भूविज्ञानात आहे. क्रोमियम येते ते सर्पेंटाइनसारख्या अत्यल्पसिकत (सिलिका फार कमी असलेल्या) खडकांतून आणि शिसे येते ते गॅलेनाच्या शिरांतून. दोन्ही पृष्ठभागाजवळ एकत्र झिजावीत आणि तेथील परिस्थितीने क्रोमियमला त्याच्या सहासंयुजी, म्हणजे क्रोमेटात असते त्या पूर्ण ऑक्सिडीकृत, अवस्थेपर्यंत न्यावे, हा योग क्वचितच जुळतो. आपल्याकडून उदयपूरला जाताना हे भूगोलातच वाचता येते. वाटेत केसरियाजी, म्हणजे रिखबदेव, लागते. तिथल्या हिरव्या सर्पेंटाइनच्या खाणी प्रसिद्ध आहेत. तिथून उत्तरेस अवघ्या ३० किलोमीटरांच्या आसपास जावरच्या प्राचीन शिसे-जस्ताच्या खाणी आहेत. पण जावरचे खनिजीकरण डोलोमाइटमध्ये आहे आणि क्रोमियमचा पुरवठा करणारा खडक त्याच्या अंगाला लागून नाही. डंडासला हे दोन्ही एकाच पट्ट्यात आले, म्हणून तिथे क्रोकोइट मुबलक मिळाला.

साठवणीबाबत एवढेच: प्रखर प्रकाशात क्रोकोइटची पारदर्शकता आणि झळाळी कमी होते, म्हणून हा खण काचेच्या कपाटात न ठेवता बंद लाकडी कपाटात ठेवला आहे. प्रत्येक नमुना झाकणाच्या डबीत आहे, हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि घरातील मुलांपासून कुलूप राखणे हा नियम मी कसोशीने पाळतो. शिसे आणि सहासंयुजी क्रोमियम या दोहोंच्या बाबतीत ढिलाईला जागा नाही. आम्लाची आणि तापवण्याची परीक्षा घरी कोणीही करू नये.

पुढचे पाऊल म्हणजे त्या पोकळीतील एक सुटी पत्री एक्स-किरण विवर्तनासाठी, म्हणजे एक्स-किरणांनी अणूंची मांडणी तपासण्यासाठी, देणे. विद्यापीठात काम करणाऱ्या एका परिचित संशोधकांनी त्यासाठी तयारी दाखवली आहे. तोपर्यंत चिठ्ठीवर खनिजाच्या नावापुढे ‘पाटन व कस यांवरून, विवर्तन बाकी’ असे लिहिले आहे, आणि मूळ चिठ्ठी त्याच डबीत खाली जपून ठेवली आहे.