कोंगहेल, ११३५ : पाणी झालं, आता तट

१:३०० मापाच्या माझ्या कोंगहेलच्या मॉडेलचं पाणी आणि धक्का उरकला. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: योता नदी समुद्राआधी दुभंगते, तिच्या उत्तरेकडच्या फाट्याच्या काठावर हे गाव. तेव्हा नॉर्वेचं, आज स्वीडनमध्ये. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, तिघांच्याही हद्दी इथे भिडायच्या. ११०१ साली तिन्ही राजे तहासाठी जमले तेही इथेच. स्वीडनच्या इंगेने मुलगी मार्गारेट नॉर्वेचा राजा माग्नुसला दिली नि प्रकरण मिटवलं.

समोरच्या हिसिंगेन बेटावरच्या वस्तीचा वाद तर त्याआधी म्हणे फाशांवर सुटला होता. आइसलँडचा मध्ययुगीन इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन सांगतो, स्वीडनचा राजा ओलाफ याच्या दोन्ही फाशांवर सहा पडले, नॉर्वेचा राजा, त्याचंही नाव ओलाफ, त्याच्याही दोन्हींवर सहा. स्वीडनला पुन्हा बारा. मग नॉर्वेचा एक फासा सहावर थांबला आणि दुसरा फुटून त्याचे सात झाले! माझा विश्वास नाही, पण बेसच्या कोपऱ्यात दोन फासे चिकटवणारच, एक चिरलेला.

माझ्या देखाव्याचा विषय म्हणजे ११३५ साली या गावावर झालेला हल्ला. त्याबाबत मात्र स्नोरीवर माझा बराच भरवसा आहे. त्याला लहानपणी वाढवणारा योन लोफ्ट्सन स्वतः पोरवयात कोंगहेलात राहिलेला, हल्ल्याच्या जरा आधीच तिथून निघालेला. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण काठावरच्या पोमेरेनियाचा सरदार राटिबोर शेकडो जहाजं घेऊन आला, हा आकडा फुगवलेला वाटतो. दर जहाजावर ४४ माणसं आणि दोन घोडे, हे मात्र मॉडेलवाल्याच्या कामाचं. म्हणून माझ्या प्रत्येक होडीत दोन घोडे आहेत. या मापात त्यांचे पाय कोरणं म्हणजे डोळ्यांचा छळ, तेव्हा कडेच्या फळीआड नुसत्या पाठी दाखवल्यात.

आता तट. नॉर्वेच्या सिगुर्द राजाचा हा कोट माती-दगडाचा, भोवती खंदक, आत जेरुसलेमहून आणलेल्या, येशूच्या क्रूसाच्या म्हणून मानलेल्या तुकड्यासाठी बांधलेलं लाकडी चर्च. फोमला उतार देऊन त्यावर फेव्हिकॉल आणि वाळवलेला चहाचा चोथा, वर हिरव्याचा हलका ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात. दिवाळीच्या किल्ल्यावरचे अळीव इथे चालायचे नाहीत, त्या मापात ते माडाएवढे दिसतील.

फोटो बघून दोघातिघांनी विचारलं, दगडी बुरूज कुठे? तो बोहुस किल्ल्याचा. नॉर्वेचा राजा होकोन पाचव्याने तो १३०८ साली बांधायला घेतला, आणि तोही नदीत जरा वर. ११३५ च्या देखाव्यात तो येत नाही.

पुढच्या खेपेला खंदक आणि चर्चचं छप्पर. हल्ल्यात जळालेलं लाकूड दाखवायला काळ्या रंगापेक्षा कोळशाची पूड बरी दिसते का? कुणी वापरली असेल तर फोटो टाका.