सिंहगड चढून घाम आला, मग चरबी कुठे गेली?

"आतकरवाडीकडून गड चढलो, शर्ट पिळून काढला, म्हणजे चरबी वितळली ना?" रविवारी गडावरून उतरलेली मंडळी हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

नाही. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. वर ताक प्यायलं की काट्यावरचं वजन पुन्हा जागेवर. शिवाय 'वितळणं' हा शब्दच चुकीचा. शरीराच्या ३७ अंशांना पेशीतली चरबी पातळच असते. ती फोडावी लागते.

ॲड्रेनॅलिन चढलं आणि इन्सुलिन उतरलं, की चरबीच्या पेशीतली विकरं (एन्झाइम) ट्रायग्लिसराइडची, म्हणजे साठवलेल्या चरबीच्या रेणूची, तीन मेदाम्लं आणि एक ग्लिसरॉल अशी फोड करतात. ग्लिसरॉल यकृतात जातं, तिथे त्याची साखर होऊ शकते. मेदाम्लं पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून स्नायूंपर्यंत येतात. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, लांब साखळीच्या मेदाम्लाला थेट प्रवेश नाही. कार्निटिन नावाचा वाहक रेणू त्याला आत नेतो. आत दर फेरीला दोन कार्बनचा तुकडा कापला जातो. १६ कार्बनच्या पामिटिक आम्लाचे ७ फेऱ्यांत ८ तुकडे होतात आणि ते क्रेब्ज चक्र या रासायनिक क्रियांच्या साखळीत जळतात. एका रेणूमागे निव्वळ मिळकत १०६ एटीपी; एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन.

उरतं ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. १० किलो चरबी जळली, तर त्यातली साधारण ८.४ किलो श्वासावाटे बाहेर पडते.

आता गडाचा हिशेब. ७० किलोचा माणूस ६०० मीटर चढला, तर वजन वर नेण्याचं काम सुमारे १०० किलोकॅलरी. स्नायू इंधनातला जेमतेम पाव भागच कामी लावतात, म्हणून खर्च ४००. सगळा चरबीतून झाला तरी ४५ ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे तेल. भज्यांकडे बघताना हे आठवावं. त्यातही धापा टाकत चढलात, तर बरंचसं इंधन ग्लायकोजेनचं (शरीरात साठवलेल्या साखरेचं) असतं, कारण चरबी तेवढ्या झपाट्याने जळत नाही. गप्पा मारत चढता येईल, तो वेग बरा.

पायथ्याशी गोड चहा-बिस्किटं खाल्लीत, तर इन्सुलिन वाढून चरबीची फोड काही काळ मंदावते. त्याचा बाऊ नको, दिवसभराची बेरीज महत्त्वाची. इन्सुलिन अजिबातच नसलं, तर मात्र फोड थांबत नाही, यकृत मेदाम्लांपासून कीटोन ही आम्लधर्मी द्रव्यं बनवत सुटतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. म्हणून टाइप १ मधुमेह असलेल्यांनी ट्रेक आहे म्हणून इन्सुलिन बंद करू नये. डोस किती कमी करायचा, हे आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.