तुम्ही विचारलंत म्हणून: गिऱ्हाईक परत कसं येतं?

हिंगोली-परभणीकडं बचत गटाच्या प्रशिक्षणाला गेले की जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी गाठतंच. "ताई, फॉलोअर वाढायलेत, पण माल निघंना. तुमची गिऱ्हाईकं दरसाल परत कशी येतात?" उभ्या-उभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आमची हळद वसमत तालुक्यातली. बराचसा माल मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात जातो, थोडा ठेवून त्याची पावडर आम्ही फोनवर विकतो. फोनवर म्हणजे मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथल्या ब्रॉडकास्टची, म्हणजे एकच निरोप एकदम पुष्कळांना धाडायच्या सोयीची, एक अट मला फार आवडते. एका यादीत २५६ जण बसतात, पण समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच निरोप पोचतो. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या बाईनं 'हळदवाल्या ताई' असं लिहून आपला नंबर ठेवला पाहिजे, सगळी धडपड त्यासाठी. आणि ठेवल्यावर रोज सकाळी गुलाबाचं फूल नि सुविचार धाडून तिला तो पुसायला लावायचा नाही. वैतागून लोकांनी रिपोर्ट केलं तर व्हॉट्सअ‍ॅप नंबरच बंद करतं, मग बसा.

मग पाठवायचं काय? रानात जे चाललंय ते. फेब्रुवारी-मार्चात काढणी झाली की हळद शिजवायला घेतात. शिजली की नाही हे काडीवर कळतं: गड्ड्यात काडी सहज घुसली की उतरवायची. कच्ची राहिली तर वाळायला वेळ खाते, जास्त शिजली तर रंग जातो. मी याचा छोटासा व्हिडिओ स्टेटसला टाकला होता. ना संगीत, ना 'आजच ऑर्डर करा'. मागं आमच्या सासूबाई ओरडतायत, "अगं काढ की आता!" त्यावर जेवढे निरोप आले तेवढे कुठल्याच पोस्टरवर आले नाहीत. कुणी विचारलं, पाच किलो ओल्या हळदीची सुकून किती होते? मी म्हटलं, साधारण एक किलो. मग भाव का एवढा, हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

स्टेटस चोवीस तासांत जातं, पण त्यावर आलेला प्रश्न राहतो. त्याला उत्तर देणं हाच खरा धंदा आहे, आणि तो कंटाळवाणा आहे, हेही सांगून ठेवते. बिझनेस अ‍ॅपात लेबल लावायची सोय असते. बहुतेक जण 'पैसे बाकी', 'पार्सल गेलं' एवढंच लिहितात. माझ्याकडं 'लोणच्याला लागते', 'हळकुंडच हवीत', 'लग्न मेमध्ये' अशीही लेबलं आहेत. लग्नघराला मे संपल्यावर हळदीची जाहिरात गेली तर ते काय म्हणतील?

नव्या बाईनं एकदम दोन किलो पावडर मागितली की मी आधी विचारते, घरात माणसं किती? चौघांच्या घरात दोन किलो पावडर पडून राहते, वास उडतो. अर्धा किलो घ्या, नाहीतर हळकुंडं घेऊन लागेल तशी दळा. आमच्या गटातल्या बायकांना हे पटत नाही. "आलेली ऑर्डर कमी करती, येडी का काय?" पण त्या अर्ध्या किलोवाल्या बाईच पुढं बहिणीचा पत्ता पाठवतात.

एकीनं फेसबुकवर लिहिलं, रंग फिका आहे, भेसळ दिसते. पुतण्या म्हणाला, कमेंट उडवा. मी ठेवली. खाली लिहिलं की मेटानिल यलोसारखा रंग मिसळून हळद पिवळीजर्द करणारे आहेत, आम्ही तो घालत नाही. तरी शंका असेल तर पाकीट परत पाठवा, खर्च माझा. तिनं पाकीट पाठवलं नाही, पुन्हा मागवलंही नाही. ते वाचून विचारणा केली ती दुसऱ्याच बायकांनी.

"सांगलीची आहे का?" हा प्रश्न तर ठरलेला. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं, वसमतच्या हळदीला २०२४ साली. सांगलीला नावं ठेवून आपली खपवायची नाही. आमच्याकडची कितीतरी हळद वर्षानुवर्षं सांगलीच्याच बाजारात गेली आहे.

पैसे देऊन पोस्ट बूस्ट करू का, असंही विचारता. करा, नव्या शहरात तोंडओळख होते. फक्त त्या आठवड्यात उत्तरं द्यायला घरात कुणीतरी मोकळं असू द्या.

माझा माल दिवाळीच्या आसपास संपतो. नंतर कुणी मागितलं की शेजारच्या गावातल्या गटाचा नंबर देते. काही गिऱ्हाईकं तिकडंच रमली. त्यातल्या एक नांदेडच्या काकू हळद त्यांच्याकडून घेतात आणि लोणच्याचं प्रमाण मला विचारतात. मी सांगते.