शकिरा क्रमाने ऐकताना: 1991 ते 2005 झालं, पुढचं बाकी

मंडळी, कोलंबियाची गायिका शकिरा हिचे अल्बम मी निघाले त्या क्रमाने ऐकतेय. मागच्या नोंदीत तिचा 1995चा ‘पिएस देस्काल्सोस’ नुकताच हातात घेतला होता. आता 2005पर्यंत आले आहे. नेम तोच: एक अल्बम धरला की पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मधलं काही गाळायचं नाही, शब्द समोर ठेवायचे, आणि पहिल्या खेपेला व्हिडिओ बघायचाच नाही. शेवटची अट शकिराच्या बाबतीत फारच कामाची निघाली. आपल्याकडे बहुतेकांना ती आधी दिसली आणि मग ऐकू आली. नाच बाजूला ठेवला की समोर येते वही घेऊन बसलेली, खाडाखोड करणारी गीतकार. या सगळ्या खटाटोपातून मला तिचीच ओळख करून घ्यायची आहे.

नव्याने सामील झालेल्यांसाठी आधीचं थोडक्यात. शकिरा इसाबेल मेबारक रिपोल, जन्म 2 फेब्रुवारी 1977, कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं बारांकिया. वडील लेबनीज वंशाचे, सराफी दुकानवाले, लिहिण्याची आवड असणारे. ते टाइपरायटरवर बसलेले बघून पोरीने नाताळची भेट म्हणून टाइपरायटर मागितला, आणि सातव्या वर्षी तो मिळालाही. बाहुली नाही, टाइपरायटर! आठव्या वर्षी पहिलं गाणं लिहिलं ते वडिलांच्या काळ्या चष्म्यावर. थोरला सावत्र भाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला होता, आणि वडील रडवेले डोळे लपवायला तो चष्मा घालत.

शाळेच्या गायकवृंदात मात्र तिला घेतलं नाही. आवाजात कंप फार. वर्गातली मुलं म्हणायची, शेळी बेंबटते. आज जगभर तिचा आवाज दोन सेकंदांत ओळखू येतो तो त्याच कंपामुळे. आपल्याकडे गमक-आंदोलनावर वाढलेल्या कानांना हा कंप खुपत नाही, हे मी घरातल्या दोन वडीलधाऱ्यांवर पडताळून पाहिलंय. भाषा कळत नव्हती, पण ‘गळा वेगळा आहे’ एवढं दोघांनीही मान्य केलं.

पहिले दोन अल्बम

‘माहिया’ (1991) आणि ‘पेलिग्रो’ (1993). हे दोन्ही खपले नाहीत, आणि तिने ते पुन्हा बाजारात येऊ दिलेले नाहीत. अधिकृत स्ट्रीमिंगवर शोधू नका. चाहत्यांनी जुन्या तबकड्यांवरून चढवलेल्या आवृत्त्यांवर भागवावं लागतं. तेरा-चौदाव्या वर्षी करार झालेल्या मुलीची गाणी, सिंथेसायझरचा गोड पाक, सगळं वयाला साजेसं. 1993मध्ये चिलीतल्या व्हिन्या देल मार महोत्सवात ती तिसरी आली, तेही याच काळात. एकदा ऐकून ठेवण्यापलीकडे यात फारसं काही नाही. पण तिसऱ्या अल्बमची उडी किती लांब होती ते कळायला हे दोन ऐकायलाच हवेत.

‘पिएस देस्काल्सोस’, 1995

म्हणजे अनवाणी पाय. वडिलांचं दिवाळं निघालं तेव्हा ती आठेक वर्षांची होती. काही दिवस नातेवाइकांकडे राहून परत येते तो घरातलं सामान विकलेलं. आपल्यावर आभाळ कोसळलं असं वाटणाऱ्या मुलीला वडील एका बागेत घेऊन गेले आणि तिथे राहणारी, नशेसाठी गोंद हुंगणारी अनाथ पोरं दाखवली. अल्बमच्या नावामागे आणि 1997मध्ये तिने काढलेल्या त्याच नावाच्या शिक्षणसंस्थेमागे ही आठवण आहे.

संगीतात लुईस फर्नांदो ओचोआचा हात. गिटार, माउथऑर्गन, थोडा रॉक, थोडा रेगे. ‘एस्तोय आकी’चं ध्रुवपद शब्द समोर ठेवूनसुद्धा म्हणून बघा, धाप लागते. एका दमात इतके शब्द कोंबलेत की श्वास कुठे घ्यायचा ते तिनेच जाणे. मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते ‘से किएरे, से माता’ने. चांगल्या घरातली दोन पोरं, एक रात्र, मुलीला दिवस जातात, गर्भपातासाठी डॉक्टर, आणि शेवटी तिचा मृत्यू. चाल मात्र उड्या मारणारी. कॅथलिक कोलंबियात हे गाणं लिहिणारी मुलगी अठराच्या आसपासची होती.

‘दोंदे एस्तान लोस लाद्रोनेस?’, 1998

इथे मुक्काम लांबला, आणि तो लांबावा अशीच ही जागा आहे.

बोगोताच्या विमानतळावर तिची बॅग चोरीला गेली आणि बॅगेत नव्या गाण्यांचे शब्द होते. प्रत नव्हती. सगळं पुन्हा लिहावं लागलं. त्यावरूनच अल्बमचं नाव: चोर कुठे आहेत? मुखपृष्ठावर ती स्वतःच हात पुढे करून उभी आहे आणि हात काळे. म्हणजे चोर शोधायचे तर आधी आपलेच हात बघा. (त्या विमानतळाचं नाव एल दोरादो. 2017च्या तिच्या अल्बमचंही नाव एल दोरादो. सोन्याच्या दंतकथेवरून ठेवलं असणार हे उघड आहे, तरी मला गंमत वाटल्याशिवाय राहिली नाही.)

निर्मितीची सूत्रं मायामीच्या एमिलिओ एस्तेफानकडे गेली, पण शब्द-चाल तिच्याकडेच राहिली. बारकाईने ऐकायचं तर ‘इनेविताब्ले’पासून सुरुवात करा. पहिल्याच कडव्यात बाई कबुलीजबाब देत सुटते: कॉफी करता येत नाही, फुटबॉलमधलं काही कळत नाही, कधीतरी बेइमानी केली असेल, पार्केससुद्धा धड खेळता येत नाही. हा पार्केस म्हणजे कोलंबियात घरोघरी खेळला जाणारा पट, आणि त्याचं मूळ आपल्या पचिसीत. बारांकियाच्या पोरीला सोंगट्या जमत नाहीत हे वाचून मला उगाचच ती शेजारची वाटायला लागली. फुटबॉलबद्दल काय सांगावं? पुढे विश्वचषकाचं गाणं तिचं, आणि संसार थाटला तोही बार्सिलोनाच्या बचावपटूशी.

‘ओक्तावो दीआ’त देव आठव्या दिवशी सुट्टीवर जातो आणि परत येऊन बघतो तर जगाचा विचका झालेला. 2002-03च्या दौऱ्यात याच गाण्याला मागच्या पडद्यावर बुश आणि सद्दाम यांच्या बाहुल्या बुद्धिबळ खेळत होत्या, इराक युद्धाच्या ऐन तोंडावर. अमेरिकेत नुकतं बस्तान बसत असताना अमेरिकेतच हे दाखवायला छाती लागते.

आणि शेवटी ‘ओहोस आसी’. बहारीनपासून बैरूतपर्यंत, उत्तरेपासून दक्षिण ध्रुवापर्यंत फिरले पण असे डोळे दिसले नाहीत, असा मामला. मध्येच ती सरळ अरबीत गाते. उद हे अरबी वाद्य, बाकी तंतुवाद्यं, दरबुका या अरबी ढोलकीचा ठेका. ‘अरबी तडका’ म्हणून हे वरून टाकलेलं नाही, हे ऐकता ऐकता पटतं. लहानपणी एका अरबी हॉटेलात दरबुका ऐकून ती टेबलावर चढून नाचली होती, आणि आजीकडून तो नाच घरात आलेलाच होता. 2000 साली पहिल्यांदाच दिल्या गेलेल्या लॅटिन ग्रॅमीत या गाण्याला पॉपचा आणि ‘ओक्तावो दीआ’ला रॉकचा गायिकेचा पुरस्कार मिळाला. एकाच अल्बममधली दोन गाणी, दोन वेगळे कप्पे. ती पॉप की रॉक हा वाद घालणाऱ्यांनी यावर काय ते ठरवावं.

या अल्बमनंतर कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केसने तिच्यावर लेख लिहिला. तोही त्याच किनाऱ्याचा, बारांकियात पत्रकारी केलेला. 2007मध्ये त्याच्या कादंबरीवरच्या चित्रपटासाठी तिने गाणी दिली, तो धागा इथे सुरू होतो.

अनप्लग्ड

एमटीव्ही वाहिनीचा हा साध्या वाद्यांवरचा मैफलीचा कार्यक्रम. मैफल ऑगस्ट 1999, न्यूयॉर्क. अल्बम बाजारात आला 2000च्या सुरुवातीला. संपूर्ण स्पॅनिशमधला हा कार्यक्रम अमेरिकी वाहिनीने दाखवला आणि अल्बमला लॅटिन पॉपची ग्रॅमी मिळाली. याची सेकंडहँड सीडी मिळाली, डबी तडकलेली पण तबकडी स्वच्छ.

दोन्ही याद्या शेजारी ठेवून तपासल्या. 1998च्या अल्बममधली अकरापैकी दहा गाणी इथे आहेत. गळालं ते फक्त ‘के व्वेल्वास’, आणि त्याच्या जागी जुनं ‘एस्तोय आकी’. म्हणजे हा जुन्या हिट गाण्यांचा जलसा नाही. एकच अल्बम उलगडून पुन्हा शिवलाय. ‘सिएगा, सोर्दोमुदा’ स्टुडिओत नाचाचं गाणं होतं, थोडं मेक्सिकन वळणाचं. इथे तिने चक्क मेक्सिकन लोकसंगीताचा मारियाची ताफाच मंचावर आणला, तुताऱ्या-व्हायोलिनसकट, आणि गाणं आपल्या खऱ्या घरी गेलं. ‘ओहोस आसी’ लांबवलंय, सुरुवात संथ, ठेका मागाहून येतो. हेडफोनवर ऐका आणि तिचा श्वास ऐका. आवाज फाटतो तिथे तो फाटू दिलाय.

माझं मत विचाराल तर तिच्या सगळ्या कारकिर्दीतून एकच तबकडी ठेवायची झाली तर हीच. यावर भांडायला मी तयार आहे.

‘लॉन्ड्री सर्व्हिस’, 2001

आपल्या पिढीची ओळख इथली. माझ्याकडे कॅसेट होती, फीत गुंतून गुंतून गेली.

इंग्रजीत गा, असा आग्रह एमिलिओची बायको, गायिका ग्लोरिया एस्तेफानचा. तिने ‘ओहोस आसी’ इंग्रजीत करून दाखवलं. पण शकिराला दुसऱ्याच्या शब्दांत गायचं नव्हतं. ती इंग्रजी शिकली, शब्दकोश घेऊन बसली, कवी वाचले आणि मग स्वतः लिहू लागली. विशीत परक्या भाषेत गीतकार व्हायला निघणं सोपं नाही. इंग्रजी समीक्षकांनी तिच्या उपमांना नाकं मुरडली, विशेषतः ‘व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर’मधल्या लहान छाती आणि डोंगरांच्या ओळीला. पण तीच थट्टा त्याच गाण्याच्या स्पॅनिश आवृत्तीत, ‘सुएर्ते’तही आहे. मागचे अल्बम ऐकून इथे आलात तर त्यात चमत्कारिक काही वाटत नाही. बाई पहिल्यापासून असंच लिहीत आलीय.

वाद्यांकडे लक्ष द्या: अँडीज पर्वतातला चारांगो (छोटं तंतुवाद्य) आणि बासऱ्या. म्हणजे अमेरिकेच्या बाजारात शिरताना तिने दक्षिण अमेरिका जराही लपवली नाही. ‘ऑब्जेक्शन’मध्ये टँगो येतो आणि अर्ध्यात गिटार अंगावर येते. बाकी अल्बम थोडा असमान आहे. मधली दोन-तीन गाणी मी नेम म्हणून ऐकली, एरवी पुढे ढकलली असती. केसही इथे सोनेरी झाले आणि जुने चाहते रुसले. मला त्या वादात रस नाही.

2005: दोन भाग

साठेक गाणी लिहून झाली आणि त्यांतून दोन अल्बम निघाले: जूनमध्ये स्पॅनिश ‘फिहासिओन ओराल’, नोव्हेंबरमध्ये इंग्रजी ‘ओरल फिक्सेशन’. पहिल्याच्या मुखपृष्ठावर कडेवर बाळ, दुसऱ्यावर सफरचंदासह ईव्ह. इंग्रजीत नाव झाल्यावर ती आधी स्पॅनिशकडे परतली हे महत्त्वाचं. स्पॅनिश गायक अलेहांद्रो सान्सबरोबरचं ‘ला तोर्तुरा’ बिलबोर्डच्या लॅटिन यादीत 25 आठवडे पहिलं राहिलं. पण माझी निवड ‘नो’. त्यात अर्जेंटिनाचा गुस्तावो सेराती आहे, ‘सोदा स्तेरेओ’ या रॉक बँडवाला. गाणं जवळजवळ रिकामं आहे. तिला इतकं कमी करताना मी आधी ऐकलं नव्हतं.

‘हिप्स डोन्ट लाय’ मूळ अल्बममध्ये नव्हतंच. 2006मध्ये नव्या आवृत्तीत आलं. रॅपर वाइक्लेफ जीनच्या आधीच्या गाण्याची ही फिरवाफिरव, आणि ती तुतारी पोर्तो रिकोच्या जेरी रिवेराच्या 1992च्या साल्सातून उचललेली. मध्ये बारांकियाचं नावही येतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पुरस्कार सोहळ्यात तिने हे गाणं हिंदी सिनेमाच्या थाटात सादर केलं, नृत्य बसवलं होतं आपल्या फराह खानने. मार्च 2007मध्ये ती मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात येऊनही गेली. तिथे उभे राहून ऐकलेलं कुणी इथे असेल तर कोणती स्पॅनिश गाणी घेतली आणि गर्दीने ती कशी झेलली ते जरूर लिहा. ‘हिप्स’ला काय झालं ते नाही सांगितलंत तरी चालेल.

पुढचा कार्यक्रम

‘शी वुल्फ’ (2009) आणि ‘साले एल सोल’ (2010) एकत्र घेणार. ‘वाका वाका’ (ते विश्वचषकाचं गाणं) ऐकण्याआधी कॅमेरूनच्या गोल्डन साउंड्सचं 1986चं ‘झांगालेवा’ ऐकायचं ठरवलंय, कारण ध्रुवपद तिथलं आहे आणि क्रम म्हणजे क्रम. 2014चा अल्बम बहुधा एका बैठकीत उरकेल. ‘एल दोरादो’ला मात्र वेळ देणार. त्यानंतर 2017मध्ये स्वरतंतूंमध्ये रक्तस्राव होऊन दौरा पुढच्या वर्षावर ढकलावा लागला होता. आधीचा आवाज आणि नंतरच्या दौऱ्यातला आवाज शेजारी ठेवून बघायचंय, कंपात फरक पडलाय का.

शेवटी अर्जेंटिनाचा संगीतनिर्माता बिसाररापबरोबरचं 2023चं सत्र आणि 2024चा ‘लास मुहेरेस या नो योरान’. पिकेशी, म्हणजे त्या बार्सिलोनाच्या बचावपटूशी, फारकत झाल्यावर तिने त्याला गाण्यात कसं धुतलं ते सगळ्यांना माहीत आहे. मला बघायचंय ते वेगळं: त्या वारांमधली शब्दांची कसरत ‘एस्तोय आकी’च्या ध्रुवपदाच्या जवळ जाते का. वरवर ऐकून जाते असं वाटतंय, पण नेमाने तिथे पोहोचल्याशिवाय निकाल देणार नाही.

‘पेलिग्रो’ची जरा स्वच्छ प्रत कुणाकडे असेल तर कळवा. माझ्याकडची फारच खरखरते.