मॅसिलनमधील एक सही

ओहायो राज्यात शाळेच्या संघातून खेळणाऱ्या मुलाला कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची शंका आली, तर त्याला तत्क्षणी मैदानाबाहेर काढावे लागते. त्या दिवशी तो पुन्हा खेळू शकत नाही आणि नंतरही लेखी वैद्यकीय परवानगीखेरीज त्याला संघात घेता येत नाही. एप्रिल २०१३ पासून हा कायदा लागू आहे. कायद्याची भाषा सरळ आहे, पण ती सही करणाऱ्याचा दवाखाना कोणत्या गावात आहे याचा विचार कायद्याने केलेला नाही. मी बालरोगतज्ज्ञ असून मॅसिलन परिसरात अनेक वर्षे काम करते. या गावात ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अशी सही नाकारणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला गावाचा इतिहास सांगितल्याशिवाय कळणार नाही. पुढील प्रसंगातील मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

मॅसिलन हे जेमतेम बत्तीस हजार वस्तीचे, एकेकाळी पोलादाच्या कारखान्यांवर जगलेले गाव. शेजारच्या कँटन शहरात १९२० मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेची स्थापना झाली. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड चढवून, एकमेकांना अंगाने अडवून आणि पाडून खेळायचा हा खेळ आहे. मॅसिलनच्या वॉशिंग्टन हायस्कूलचा संघ ‘टायगर्स’ म्हणून ओळखला जातो आणि कँटनच्या मॅकिन्ली हायस्कूलशी त्याची चुरस १८९४ पासून चालत आली आहे. नियमित हंगामाचा शेवटचा सामना बहुधा हाच असतो. त्या आठवड्यात दुकानांच्या काचा नारिंगी आणि काळ्या रंगाने भरून जातात, आणि दवाखान्यात येणारी आई मुलाचा ताप सांगण्याआधी शनिवारी पाऊस पडेल का, याविषयी बोलते.

या साऱ्याला आकार दिला तो पॉल ब्राउन यांनी. ते याच शाळेचे विद्यार्थी, याच संघाचे खेळाडू, आणि १९३२ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी प्रशिक्षक म्हणून परत आले. नऊ हंगामांत त्यांच्या संघाने ८० सामने जिंकले, ८ गमावले आणि २ बरोबरीत सोडवले. १९४० च्या संघाने संपूर्ण हंगामात ४७७ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना मिळून अवघे ६ गुण करू दिले. जुने मैदान या संघाच्या प्रेक्षकांना पुरेनासे झाले, तेव्हा महामंदीत बेकारांना काम देण्यासाठी सरकारने काढलेल्या योजनेतून १९३८-३९ मध्ये नवे स्टेडियम उभे राहिले. साडेसोळा हजारांच्या आसपास आसने, म्हणजे आजच्या गावातील निम्मी माणसे एका वेळी बसतील इतकी जागा, आणि तीही एका शाळेच्या संघासाठी! १९७६ पासून त्याला पॉल ब्राउन यांचे नाव आहे. मी मूळची कोल्हापूरची. कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधणाऱ्या संस्थानातून आल्यामुळे खेळाच्या मैदानावर गावाचा जीव कसा जडतो, हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

एक प्रथा मात्र मला इथेच पाहायला मिळाली. गावातील रुग्णालयात मुलगा जन्मला, की संघाच्या पाठीराख्यांच्या क्लबकडून त्याच्या पाळण्यात एक छोटा फुटबॉल ठेवला जाई. हे रुग्णालय २०१८ मध्ये बंद झाले. त्याआधी नवजात बाळाची टाळू चाचपताना, डोक्याचा घेर मोजताना, तो चेंडू माझ्या हाताशी असे. कवटीची हाडे अजून जुळायची आहेत आणि शेजारी फुटबॉल ठेवलेला आहे, या दृश्याची मला कधी सवय झाली नाही. त्यामागचे प्रेम खरे आहे, हेही मी पहिल्या दिवसापासून जाणून होते.

ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो सतरा वर्षांचा मुलगा लाइनबॅकर होता, म्हणजे समोरून चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला पाडण्याचे काम त्याच्याकडे होते. शाळेचे शेवटचे वर्ष असल्याने मॅकिन्लीविरुद्धचा हा त्याचा शेवटचा नियमित सामना होता, आणि तो घरच्या स्टेडियमवर होणार होता. दहा दिवसांपूर्वीच्या सामन्यात डोक्यावर डोके आदळले होते. विश्रांती, हलका व्यायाम, धावणे, संपर्काशिवाय सराव या पायऱ्या त्याने पार केल्या होत्या. प्रत्येक पायरीला किमान चोवीस तास द्यावे लागतात आणि लक्षणे परतली तर मागे यावे लागते. आता प्रत्यक्ष धडकांचा सराव आणि मग सामना एवढेच उरले होते, आणि त्यासाठी माझी सही हवी होती. सोमवारी दुपारी तो आजोबांबरोबर आला. आई-वडील कामासाठी दुसऱ्या राज्यात होते आणि त्याला वाढवले होते ते आजोबांनीच.

तो येण्याआधी त्याच्या संघाच्या ॲथलेटिक ट्रेनरचा, म्हणजे खेळाडूंच्या इजांवर लक्ष ठेवणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याचा, मला फोन आला होता. शाळांमधील हे ट्रेनर म्हणजे या साऱ्या व्यवस्थेचा कणा आहेत, आणि त्यांना मिळणारा मान त्यांच्या कामाच्या मानाने फारच तोकडा आहे. मुले हंगामाआधी संगणकावर स्मरणशक्ती आणि प्रतिसादाच्या वेगाची एक चाचणी देतात. इजा झाल्यावर तीच चाचणी पुन्हा घेऊन गुण ताडून पाहायचे, अशी पद्धत आहे. ट्रेनरने मला एवढेच सांगितले, “डॉक्टर, त्याचे आताचे गुण ऑगस्टपेक्षा चांगले आहेत. मला ते पटत नाही.” मलाही पटले नाही. हंगामाआधीच्या चाचणीत मुले मुद्दाम चुका करतात, म्हणजे पुढे मार लागला तरी गुण घसरलेले दिसू नयेत. संगणक अशा लबाड्यांपैकी काही पकडतो, सगळ्या नाही. या चाचण्या शाळांना विकणारे ही गोष्ट जेवढ्या ठळकपणे सांगायला हवी तेवढी सांगत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कन्कशन सीटी स्कॅनवर दिसत नाही. रक्तस्राव दिसतो, अस्थिभंग दिसतो, पण पेशींच्या कामकाजात झालेला बिघाड दिसत नाही. म्हणून तपासणी हातांनी, डोळ्यांनी आणि सावकाशीने करावी लागते. एका तातडीच्या दवाखान्यातून पाच मिनिटांत सही मिळवून आलेली मुले मी पाहिली आहेत, आणि अशा सह्यांविषयी मला फार राग आहे.

वर्षाचे महिने त्याने उलट क्रमाने धडाधड म्हटले. शब्दांची नेहमीची यादी मुले पाठ करून येतात, म्हणून मी वेगळी यादी दिली. त्यातलेही बहुतेक शब्द त्याला आठवले. डोळे मिटून, हात कमरेवर ठेवून, पाय जुळवून वीस सेकंद तो ठाम उभा राहिला. मऊ फोमच्या गादीवर एका पायावर उभे केले तेव्हा मात्र हात कमरेवरून पुन्हा पुन्हा सुटू लागले. पण थकलेला निरोगी खेळाडूही तिथे डगमगतो, त्यामुळे एवढ्यावरून निर्णय होत नाही.

मग मी छोटे अक्षर लावलेली पट्टी हातभर अंतरावर धरली आणि ती हळूहळू त्याच्या नाकाकडे आणू लागले. एकाची दोन अक्षरे दिसली, की सांगायचे. निरोगी मुलाचे दोन्ही डोळे नाकापासून पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत अक्षराला धरून आत वळतात. याचा डावा डोळा पंधरा सेंटिमीटरवरच अक्षर सोडून बाहेर सरकला. ती हालचाल बारीक असते, पण एकदा ओळखता येऊ लागली की नजरेतून सुटत नाही. तो मात्र “एकच, एकच” म्हणत राहिला, अगदी पट्टी नाकाला टेकेपर्यंत. मी दुसऱ्यांदा केले, तिसऱ्यांदा केले. डोळा दर वेळी जवळजवळ त्याच ठिकाणी सुटला. शब्द पाठ करता येतात, महिने पाठ करता येतात, पण डोळे आत वळवणाऱ्या स्नायूंना शिकवून आणता येत नाही.

शेवटी मेट्रोनोमच्या ठोक्यांवर, समोरच्या अक्षरावर नजर ठेवून मान डावी-उजवीकडे हलवायला सांगितली. काही सेकंदांत त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला आणि त्याने तपासणीच्या पलंगाची कड घट्ट धरली. “डोके दुखते आहे का?” मी विचारले. “नाही,” तो म्हणाला. मी काही बोलले नाही, पट्टी खाली ठेवली आणि बसून राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, की रसायनशास्त्राच्या वर्गातील दिवे त्याला सहन होत नाहीत आणि रात्री गृहपाठ करताना ओळी एकमेकांवर चढतात. हे त्याने ना ट्रेनरला सांगितले होते, ना आजोबांना. आजोबा तिथेच खुर्चीवर बसलेले होते.

मी सही करणार नाही, हे सांगितले. कारणही सांगितले. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित प्रसंगी मेंदूला झपाट्याने सूज येते आणि त्यातून मूल दगावू शकते, आणि हा धोका त्याच्याच वयात अधिक असतो. मुलाने मान खाली घातली. आजोबांनी अपेक्षेप्रमाणे विनवणी केली, पण आवाज चढवला नाही. “हा पोरगा चालायला लागल्यापासून या शनिवारची वाट पाहतोय, डॉक्टर. बुधवारी पुन्हा बघाल का?” बुधवारी डोळा बरा होणार नव्हता, आणि खोटी आशा लावणे मला योग्य वाटले नाही. मी नाही म्हटले. त्यांनी ते मान्य केले. नातवाला त्यांनी गाडीत जाऊन बसायला सांगितले आणि स्वतः मात्र उठले नाहीत.

साठच्या दशकात ते याच संघातून, याच स्टेडियमवर खेळले होते. एका सामन्यात डोक्याला मार लागला, तरी ते शेवटपर्यंत खेळले. नंतरच्या अर्ध्या सामन्यातले त्यांना काहीही आठवत नव्हते. कोणी किती गुण केले, हे दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रात वाचले. ही गोष्ट पन्नास वर्षे ते कारखान्यात, लग्नांत, नातवंडांपुढे अभिमानाने सांगत आले होते आणि ऐकणारे हसून दाद देत होते. ती मला सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, “हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. गेल्या महिन्यात रोजच्या रस्त्यावरून घरी येताना मी चुकलो. ते यामुळे असेल का?”

मी मुलांची डॉक्टर आहे. पण माझ्या जागी मेंदूचा तज्ज्ञ असता, तरी त्यालाही खात्रीचे उत्तर देता आले नसते. वारंवार बसलेल्या आघातांमुळे होणारा सीटीई हा मेंदूचा आजार आजही मृत्यूनंतर मेंदूची तपासणी केल्यावरच निश्चितपणे ओळखता येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृत्यूनंतर दान केलेल्या २०२ फुटबॉलपटूंच्या मेंदूंपैकी १७७ मध्ये तो आढळला. व्यावसायिक संघटनेतून खेळलेल्या १११ पैकी ११० जणांना तो होता, आणि केवळ हायस्कूलपर्यंत खेळलेल्या १४ पैकी ३ जणांना. मेंदू दान करणाऱ्या कुटुंबांना बहुधा आधीपासूनच शंका असते, त्यामुळे हे प्रमाण सर्व खेळाडूंना जसेच्या तसे लावता येत नाही. आजोबांच्या विस्मरणामागे वय असेल, रक्तदाब असेल, अल्झायमर असेल किंवा आणखी काही असेल. मी त्यांना हे सगळे सांगितले, स्मृतिविकाराच्या क्लिनिकसाठी चिठ्ठी दिली, आणि त्या अर्ध्या सामन्याची गोष्ट तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, असे बजावले. “ती तर मी सगळ्यांना सांगतो,” ते म्हणाले.

हेच वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. या गावाच्या स्मरणशक्तीला तोड नाही. १८९४ पासून कोणी कोणाला किती गुणांनी हरवले, हे इथे सांगता येते. १९४० च्या संघाने दिलेले ते सहा गुण लोक अजून सांगतात. ज्या पॉल ब्राउन यांच्या नावाने स्टेडियम आहे, त्यांनीच पुढे क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात असताना, १९५३ मध्ये, आपल्या ऑटो ग्रॅहम या खेळाडूच्या तोंडाला जबर मार लागल्यावर हेल्मेटला चेहऱ्यापुढे संरक्षक पट्टी बसवून घेतली आणि त्यातूनच आजच्या जाळ्या आल्या. दात वाचले, जबडे वाचले. कवटीच्या आत हलणाऱ्या मेंदूला मात्र कोणतीही जाळी थोपवू शकत नाही, आणि त्या हलण्याची नोंद ठेवणारी वही कुणी उघडलीच नाही. कोण किती वेळा भान हरपून खेळत राहिला, कुणाला अर्धा सामना आठवला नाही, हे कुठेही लिहिलेले नाही. ते फक्त किस्से म्हणून उरले आहे. त्या साडेसोळा हजार आसनांवर शनिवारी बसणाऱ्यांत असे जुने खेळाडू किती असतात, याचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता. डॉक्टर म्हणून माझे लक्ष कायम मैदानावरच्या मुलांकडे असे.

त्या शनिवारी मुलगा संघाची जर्सी घालून मैदानाच्या कडेला उभा होता आणि आजोबा नेहमीच्या जागी बसले होते. मुलाच्या डोळ्यांना बरे व्हायला साधारण तीन आठवडे लागले. नाकापासून सहा सेंटिमीटरपर्यंत दोन्ही डोळे अक्षर धरून राहिले आणि वर्गातील दिव्यांचा त्रास थांबला, तेव्हा मी सही केली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संघाने अंतिम सामन्यात होबन हायस्कूलला ७-२ असे हरवून प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांतून विजेता ठरू लागल्यापासूनच्या, काळातील आपले पहिले राज्य विजेतेपद मिळवले, तेव्हा तो शाळा सोडून गेलेला होता. त्या रात्री मलाही मनापासून आनंद झाला आणि तो लपवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

परवानगीच्या कागदावर डॉक्टरांनी सही आणि तारीख घातली, की कायद्याचे समाधान होते. मी आता प्रत्येक वेळी त्याखाली, कागद मागत नसला तरी, डोळ्यांचे अंतर सेंटिमीटरमध्ये, फोमवर झालेल्या चुका, लक्षणे पूर्ण थांबल्याची तारीख आणि त्या मुलाला आजवर झालेल्या कन्कशनची संख्या लिहिते, आणि त्याची एक प्रत घरच्यांना देऊन ती सांभाळून ठेवायला सांगते. एका सहकाऱ्याच्या मते हा वेळेचा अपव्यय आहे, कारण ती प्रत कुणी वाचणार नाही. आज कुणी वाचणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण हा मुलगा सत्तरीत पोहोचून एखाद्या डॉक्टरपुढे बसेल, तेव्हा त्याच्याकडे किश्शापेक्षा अधिक काहीतरी असायला हवे.