ओठावरचा काळा डाग आणि ७ गुण

जुलाब लागले म्हणून कुणीतरी ऑफ्लोक्सॅसिन-ऑर्निडॅझोलच्या गोळ्या सुरू करतो. कोर्स संपत आला असताना खालच्या ओठावर जांभळट चट्टा उठतो, आग होते. उरलेल्या गोळ्या थांबवल्या की चट्टा बसतो, पण मागे काळपट डाग राहतो. घरात 'उष्णता झाली' म्हणून विषय संपतो. डॉक्टरांच्या भाषेत ही फिक्स्ड ड्रग इरप्शन. तेच औषध पुन्हा पोटात गेलं की चट्टा त्याच जागी उठतो, आणि या वेळी अनेकदा काही तासांतच.

मंजुरीच्या वेळी औषधाबद्दल सगळं कळलेलं नसतं, कळणं शक्यही नसतं. ३,००० जणांना औषध दिलं आणि एखादा दुष्परिणाम एकालाही झाला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की त्याचं प्रमाण हजारात एकापेक्षा जास्त नसावं. हिशेब सोपा आहे: ३ ला माणसांच्या संख्येने भागायचं. दहा हजारांत एकाला होणारी गोष्ट अशा चाचणीतून सहज निसटते. शिवाय गरोदर बायका, किडनी बिघडलेले रुग्ण, रोज पाच वेगवेगळ्या गोळ्या घेणारे आजोबा चाचणीत बहुधा नसतातच. बाजारात आल्यावर मात्र औषध त्यांच्याच हातात पडतं.

म्हणून औषध बाजारात आल्यानंतरच्या दुष्परिणामांच्या नोंदींना महत्त्व. आपल्याकडे अशा नोंदी गोळा करणारा फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया २०१० मध्ये सुरू झाला. २०११ पासून त्याचं समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. इथल्या नोंदी पुढे स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक साठ्यात जातात.

नोंद आली म्हणजे औषध दोषी ठरलं, असं नाही. ती तोलावी लागते. त्यासाठी नारांजो नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. आपल्या ओठाचंच बघू. अशी प्रतिक्रिया आधी नोंदली गेली आहे: १. औषध घेतल्यानंतर झाली: २. थांबवल्यावर बरं वाटलं: १. दुसरं कारण सापडलं नाही: २. डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून खात्री केली: १. बेरीज ७. ५ ते ८ म्हणजे 'बहुधा औषधामुळेच', ९ किंवा जास्त म्हणजे 'निश्चित', १ ते ४ म्हणजे नुसतं 'शक्य'.

आता समजा, त्याला तापात ओठावर नागिणीसारखे फोड येण्याची सवय आहे आणि या वेळीही तेच असू शकतं. मग दुसऱ्या कारणाच्या प्रश्नाला +२ ऐवजी −१ मिळतो, आणि ७ चे थेट ४ होतात. एका उत्तराने पारडं इतकं फिरतं. उलट, सहा महिन्यांनी त्याने चुकून तीच गोळी घेतली आणि डाग तिथेच पेटला, तर पुन्हा दिल्यावर परत आल्याचे २ आणि आधी असंच झाल्याचा १ मिळून बेरीज १०. तरीही दोन घटकांपैकी नेमका कोणता दोषी, हे त्या १० मधून कळत नाही. आणि खात्री करायला म्हणून घरी मुद्दाम गोळी घेऊन बघायची नाही. गंभीर प्रतिक्रियांमध्ये ते जिवावर बेतू शकतं.

तारखांवर फार काही अवलंबून असतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामकाबाबत इशारा निघाला तो ड्रेस नावाच्या प्रतिक्रियेसाठी: पुरळ, ताप, सुजलेल्या गाठी आणि यकृतासारख्या अवयवांना इजा. ती औषध सुरू केल्यावर साधारण २ ते ८ आठवड्यांनी दिसते. पाळीच्या दुखण्यावर घेतलेली गोळी तोवर कुणाला आठवते? नोंदीच्या फॉर्मवर फक्त कालच्या अँटिबायोटिकचं नाव येतं.

पण नोंदींना एक मर्यादा आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुर्मिळ, ठळक प्रतिक्रिया त्यांत सापडते. आधीच सर्रास होणारा आजार औषधाने थोडा वाढवला, तर मात्र ती वाढ गर्दीत मिसळून जाते. साठीतल्या माणसाला हार्ट अटॅक आला, तर सांधेदुखीच्या गोळीवर संशय कोण घेणार? रोफेकॉक्सिबचं हेच झालं. १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं हे औषध अडकलं ते तुलनेत. २,५८६ जणांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ४६ जणांना रक्ताच्या गुठळीशी संबंधित गंभीर त्रास झाला, प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांच्या गटात २६ जणांना. फरक दिसू लागला तो १८ महिन्यांनंतर. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ते मागे घेतलं. डिसेंबरमध्ये भारतातही बंदी आली.

नोंद करायला डॉक्टर असावं लागत नाही. रुग्णांसाठी वेगळा फॉर्म आहे, मराठीतही; १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांकही कामकाजाच्या दिवशी चालतो. किमान चार गोष्टी हव्यात: रुग्णाची आद्याक्षरं आणि वय, काय झालं, संशयित औषध, कळवणारा कोण. पण 'गोळीची रिॲक्शन आली' एवढंच लिहिलेला फॉर्म तोलताच येत नाही. सुरू केल्याची, त्रास झाल्याची, थांबवल्याची तारीख लिहा. सोबतची सगळी औषधं लिहा, काढा आणि चूर्णसुद्धा. बरेच जण हे सांगत नाहीत, कारण त्याला औषधच मानत नाहीत. बॅच नंबरही हवा, कारण दोष औषधाचा नसून त्या एका बॅचचा असू शकतो. दुकानदार पट्टी कापून चार गोळ्या देतो तेव्हा तो नंबर बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहतो. बिलावर मात्र तो छापलेला असतो. बिल मागून घ्या.